कुणी उतरायचं नाही

आबा, परवा माझी गाडी कात्रजच्या जुन्या घाटात बंद पडली आणि मी स्टिअरिंगवर हात आपटून हसलो. शेजारी सर्विस सेंटरचे साहेब, त्यांच्या मांडीवर लॅपटॉप. मागं माझा रूममेट, घरमालकीण काकू आणि काकूंचे मिस्टर, तिघं दाटीवाटीनं बसलेले. मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवायलाय अन् आम्ही पाचही जण असे खूश, की बघणाऱ्याला वाटावं ह्यांना लॉटरीच लागली. गाडी सर्विस सेंटरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर बंद पडावी म्हणून मी लय दिवस वाट बघत होतो. हा आनंद कशाचा ते बाकी सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. तुम्हाला सांगावं लागणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

आधी हे सांगतो, की गाडी माझी आहे. शोरूममधून नवीकोरी घेतलेली, पिवळ्या नंबरप्लेटची. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवी सोडून घरी बसलेलो होतो आणि तुमचं माझ्याबद्दलचं मत काही चांगलं नव्हतं. "ह्याचं बूड एका जागी टिकत न्हाई," असं तुम्ही आईला सांगायचात, मी समोर जेवत असलो तरी. खोटं नव्हतं ते. तुमच्या मागं मी परभणीत रसवंतीवर होतो, मग नांदेडला फरशीच्या कामावर, मग पुण्यात हॉटेलात, मग कंपनीत पॅकिंगला. कुठंच टिकलो नाही. शेवटी एकाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो, तेव्हा कळलं की मला कामाचा कंटाळा नव्हता, एकाच भिंतीकडं बघत बसायचा कंटाळा होता. आता शिरवळच्या एका कंपनीची माणसं कात्रजहून नेतो अन् आणतो, स्वतःच्या गाडीत. जन्मात पहिल्यांदा वाटलं की हे काही सोडायचं नाही, आणि नेमकी तीच गाडी बंद पडायला लागली.

बंद कशी, तर चढणीला. बोगद्याच्या अलीकडं एकदम तिचा दम जायचा. पाय दाबला तरी पुढं सरकायची नाही, इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि गप्प. मी बाजूला घ्यायचो, मागच्या बायका उतरून ओढण्या सावरत कठड्यापाशी उभ्या राहायच्या, मी बॉनेट उघडून उगाच हात लावायचो, आणि थोड्या वेळानं चावी फिरवली की चालू. जसं काही झालंच नाही. आठ दिवस बरी, परत तेच. त्या बायका चांगल्या, कुणी तोंडावर बोलली नाही, पण एक दिवस कंपनीचा ट्रान्सपोर्ट बघणारा माणूस खिडकीशी आला आणि म्हणाला, "हे बघ, अजून एकदा जर लेडीजना हायवेला उभं केलंस, तर मी दुसरी गाडी लावणार. मग मला फोन करायचा नाही." त्यात गाडीच्या वॉरंटीचा हा शेवटचा महिना. म्हणजे ह्या महिन्यात फॉल्ट सापडला नाही, तर काम जाणार आणि गाडी अशीच आजारी माझ्या गळ्यात राहणार. मग परत दुसऱ्याची चावी, दुसऱ्याची गाडी.

सर्विस सेंटरचा तो हॉल तुम्ही बघायला पाहिजे होता. काचेचा, थंडगार, कॉफीचं मशीन. पण बसलेली माणसं सरकारी दवाखान्यात बसल्यासारखी, हातात गाडीचे कागद, तोंड पडलेलं. परत परत तोच बिघाड घेऊन येणारी माणसं लगेच ओळखू येतात. पहिल्यांदा आलेला माणूस भांडतो. नेहमी येणारा खालच्या आवाजात बोलतो, कारण त्याला स्वतःचाच डाऊट यायला लागलेला असतो. माझ्या शेजारी एक रिटायर्ड सर बसायचे, आमची ओळखच तिथं झाली. ते म्हणाले, "मला विचारतात, काका, तुम्ही क्लच कसा दाबता? अहो, मी क्लच दाबायला लागलो तेव्हा ह्या पोराचा बाप चड्डीत होता!" मला सेंटरवाले विचारायचे, पेट्रोल कुठल्या पंपावर भरता, गिअर कधी टाकता. एकदा तर मी घरी येऊन रूममेटला म्हणालो, माझ्याच पायात काही खोड आहे का रे? तो आपल्या पूर्णेचा, रेल्वेवाल्याचं पोरगं, अंगानं भरलेला. म्हणाला, "पायात न्हाई, तुझ्या डोक्यात हाय. गाडी वीक अन् मिसळीची गाडी टाक. ती बंद पडली तरी लोक जागेवर येऊन खातेत."

मागच्या आठवड्यात परत गेलो. तिथले साहेब माझ्याच वयाचे, बोलायला गोड, राग येऊ देत नाहीत. म्हणाले, "गाडी ओके आहे. मशीन सांगतंय की कधीतरी पेट्रोल कमी पोचलं होतं, पण आता सगळं बरोबर दाखवतंय. मी स्वतः घाट चढून बोगद्यापर्यंत फिरवून आणली. कुठंच अडली नाही."

मी भांडायच्या तयारीनं उभाच होतो. सहज तोंडातून निघालं, "फिरवली तेव्हा गाडीत कोण कोण होतं?"

"कोण म्हणजे? मी एकटाच."

आणि आबा, तिथं त्या काचेच्या हॉलमध्ये मला तुमची जीप दिसली.

जिंतूरच्या स्टँडबाहेर ती उभी असायची, चारठाणा गावाला जायची माणसं भरून होईपर्यंत हलायची नाही. मागं समोरासमोरच्या बाकड्यांवर माणसं, तुमच्या उजव्या बाजूला अर्धं बूड बाहेर काढून एक, टपावर कांद्याची पोती. ती जीपही अशीच मधेच गप्प व्हायची. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी हात शेकत बसता, हाताला डिझेलचा वास, आई भाकरी थापतीय, आणि तुम्ही बातमी दिल्यासारखं सांगता, "आज पुलापाशी." आई तव्यावरची नजर न काढता म्हणते, "मंग तिथंच एक खोली बांधा. आमी डबा घेऊन येत जाऊ." जीप बंद पडली की सगळे पॅसेंजर उतरायचे, म्हाताऱ्यांपासून नवऱ्यामुलापर्यंत, आणि मागून धक्का मारायचे. थोडं ढकललं की ती खोकायची आणि चालू व्हायची. साऱ्या रस्त्याला वाटायचं की धक्क्यानं चालू होते. तुम्हालाही तसंच वाटायचं. इंजिनातलं तुम्हाला काही कळायचं नाही, हे तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगायचात. जिंतूरच्या गॅरेजात घेऊन गेलात की ते मिस्त्री चाचा बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "यहाँ तो एकदम शरीफ है, भई. नखरे क्या सिर्फ तुमकोच दिखाती?"

त्यावर बाजाराच्या दिवशी तुम्ही काय केलंत, ते मला आता असं आठवतंय की त्या दिवशीची धूळ नाकात जायलीय. तुम्ही चाचांना त्यांच्या दुकानातून हाताला धरून आणलंत आणि पुढच्या सीटवर बसवलंत. "आज तुमी मिस्त्री न्हाई, पॅसेंजर." मी आणि आई मागं होतो, आईच्या मांडीवर बाजाराची पिशवी, माझ्या पायाशी कुणाचा तरी बोकड. नेहमीसारखी ती पुलाच्या पुढं गप्प झाली. नेहमीसारखे सगळे उतरायला लागले. तुम्ही मागं वळलात आणि ओरडलात, "कुणी उतरायचं न्हाई! जो उतरला, तो घरला चालत जाईल!" सगळे अर्धे उठलेले परत बसले. टपावरचा एक माणूस वरूनच म्हणाला, "मी तर वरच हाय, मला कायला शिव्या देता?" आणि चाचा अंगातला कुर्ता वर खोचून, आम्ही सगळे वर बसलेलो असताना, जीपखाली आडवे झाले. बऱ्याच वेळानं खालून त्यांचा हसायचा आवाज आला. वरच्या वजनानं बॉडी खाली बसायची आणि डिझेलची रबराची नळी चेपायची. माणसं उतरली की नळी मोकळी. धक्क्याचा काही संबंधच नव्हता. इतकी वर्षं सगळा गाव उगाच धक्का मारत होता. चाचा खालून बाहेर आले, डोक्यात माती, आणि म्हणाले, "इन लोगाँ का वजन था, और तुम मेरा सर खा रहे थे!" नळी दुसरीकडून घेतली, ती अडचण कायमची गेली. पुढच्याच पावसाळ्यात गिअर अडकायला लागला, ती गोष्ट वेगळी.

तर मी साहेबांना सांगितलं, तुम्ही गाडी एकट्यानं फिरवता, मी माणसं भरून चालवतो. तुम्ही माझ्या गाडीत बसा, पण गाडी भरलेली असेल. ते मान हलवत म्हणाले, "असं प्रोसिजरमध्ये नसतं." मी म्हणालो, नसू द्या, तुमचा लॅपटॉप घ्या आणि एक दुपार माझ्यासोबत चला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हो म्हणाले. ते हो म्हणाले म्हणून त्यांच्याबद्दल मी कुणाला वाईट बोलू देत नाही.

आता मागं बसायला वजन पाहिजे होतं. रूममेट तर होताच. काकूंना विचारलं तर त्या साडी बदलून तयार, घाटात कणसं मिळतात म्हणून. मिस्टरांना त्यांनी विचारलंच नाही, नुसतं आणलं. "तुम्ही मधे बसा," मी काकूंना म्हणालो. "मधे मला गुदमरतं." "काकू, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे." "तुला काय, तू पुढं बसतोस." निघालो. आणि आबा, त्या दिवशी गाडी अशी पळायली, की कुठंच अडेना. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. साहेब लॅपटॉपकडं बघतायत. मागून रूममेट म्हणाला, "लेका, आज तर लय शहाण्यासारखी चालायली. गाडीला कळलं का साहेब बसलेत म्हणून?" मला वाटलं गेलं सगळं. आता हे म्हणणार, गाडी ओके आहे. वरच्या मोठ्या वळणावर एक खड्डा लागला, मागचे तिघं सीटवर दणकन आपटले, आणि तिचा दम गेला. पिवळा दिवा. गप्प.

मी बाजूला घेतली, इंडिकेटर लावला. काकूंनी सवयीनं दाराला हात घातला. मी वळलो आणि ओरडलो, "कुणी उतरायचं नाही!" इतक्या जोरात, की काकूंचे मिस्टर, जे घरात कधी बोलत नाहीत, तेही "बरं" म्हणाले.

साहेबांनी बोटं चालवली. "पेट्रोलच्या पंपाला करंट जात नाहीये," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा उत्साह, जसा आपल्याकडं पोरगं पास झाल्यावर येतो. आबा, पंप कुठं असतो माहीत आहे का? मागच्या सीटखाली. त्यांनी लॅपटॉपवरून पंपाला चालू राहायला सांगितलं आणि म्हणाले, "काकू, जरा सीटवरून उठा." काकू वाकून उठल्या, सीटखालून घूं असा आवाज आला. "आता बसा." आवाज बंद. "उठा." घूं. "बसा." बंद. "अरे, मला काय बैठका मारायला आणलंय का?" काकू म्हणाल्या, पण त्यांनाही मजा यायली होती, न सांगता त्या आणखी एकदा उठल्या. पंपाची वायर कारखान्यातच चुकीच्या बाजूनं घातलेली. मधे माणूस बसला की सीटची लोखंडी पट्टी तिच्यावर दाबायची आणि आतल्या आत ती तुटत आलेली. चढणीला नाहीतर खड्ड्यात वजन मागं पडलं, की करंट बंद. तुमची नळी, माझी वायर. बायका उतरून कठड्यापाशी उभ्या राहायच्या म्हणून माझी गाडी चालू व्हायची, आणि मला वाटायचं मी बॉनेट उघडून हात लावला म्हणून.

वायर बदलली, वॉरंटीतच. ह्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या अशाच येऊन परत गेल्यात, त्यांनाही बोलवून घेणार आहेत, येताना घरची माणसं भरून या असं सांगून. आज सकाळी शिरवळची ट्रिप केली, मागं तिघी, पुढं एक. बोगद्याची चढण आली तेव्हा मागच्या बायका बोलायच्या थांबल्या. मी थांबलो नाही. गाडी थेट वर गेली. गेटवर ट्रान्सपोर्टवाल्यानं घड्याळ बघितलं, मग मला बघितलं, आणि पुढच्या गाडीकडं गेला. म्हणजे उद्या पण मीच.

हे आईला फोनवर वाचून दाखवणार नाही, ती गाडी सोडून तुमच्यावरच बोलत बसेल. एकच गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. काल चावी देताना साहेबांनी काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं, "माणसं भरून न्यायची, आणि बंद पडल्यावर कुणाला उतरू द्यायचं नाही, हे तुम्हाला सुचलं कसं?" तुम्ही माझ्या जिभेवर होता, आबा. पण त्याच काउंटरवर मी इतक्यांदा पडलेल्या तोंडानं उभा राहिलोय, आणि काल पहिल्यांदा सगळे माझं ऐकायले होते. तुमचं काही सांगायला गेलो असतो तर तिथंच सगळ्यांसमोर रडलो असतो. मी म्हणालो, "सुचलं असंच. माझंच डोकं."