खाडीत रुतलेली सभा

तीर्थरूप दादांना,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण सध्या कंबरेने संप पुकारला आहे (कारण पुढे ओघात येईल), तेव्हा हा बसल्या बसल्या केलेलाच गोड मानून घ्या. वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि तुमचा खोकला गेला, की अजून मुक्काम ठोकून आहे? आमच्याकडे सगळं ठीक. तुमची बहीण खासदार झाल्यापासून घरात फोन जास्त वाजतो आणि कुकर कमी, एवढाच काय तो फरक. मी भूगोल शिकवायला शाळेत जातो, ती कायदे करायला संसदेत जाते. समोरचे लोक ऐकत नाहीत ही दोघांचीही तक्रार असल्यामुळे संसार अगदी समजुतीने चालला आहे.

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, की हिचा वल्हं मारतानाचा फोटो पेपरात कसा काय आला. मी 'सवडीने लिहितो' म्हणून फोन ठेवला, कारण ही शेजारीच उभी होती. आता ती पक्षाच्या बैठकीला गेली आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आमच्या गावाच्या आणि पलीकडच्या वस्तीच्या मधे खाडी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. खाडीवर फेरीबोट चालते. पलीकडची मुलं तिने शाळेत येतात, अलीकडच्या नर्सबाई तिने पलीकडच्या दवाखान्यात जातात. पूलही आहे, पण तो खाडीच्या वरच्या अंगाला इतका लांब आहे की पूल बांधणाऱ्यांचं खाडीशी भांडण असावं असं वाटतं. तर गेल्या अधिवेशनात जलवाहतुकीचा नवा कायदा आला. कायदा चांगला होता: प्रत्येक बोटीवर लाइफजॅकेट हवीत, धक्क्यांवर दिवे हवेत, नाव ठेवायला जागा नाही. हिच्याच पक्षाने आणलेला. हिने बाजूने मत दिलं आणि घरी येऊन मला लाइफजॅकेटवर छोटंसं भाषणही ऐकवलं. पण कायद्याच्या मागे एक परिशिष्ट होतं. अक्षर असं बारीक, की छापणाऱ्याला शाईची काळजी असावी. त्यात 'कमी वापराच्या' म्हणून बंद करायच्या फेऱ्या दिल्या होत्या आणि त्यात आमची बोट होती. ते हिने वाचलंच नव्हतं.

हे तिला कळलं ते बोटीच्या सारंगाकडून. (सारंग म्हणजे बोट चालवणारा हे तुम्हाला सांगायला नको, पण वहिनीही पत्र वाचतील.) तो घरी आला, चहा नको म्हणाला आणि विचारलं, "ताई, आमची बोट तुम्हीच बंद केली म्हणतात, खरं का?" त्या दिवशी ही जेवली नाही असं लिहिणार होतो. जेवली, पण मी केलेल्या आमटीला एकदाही नाव न ठेवता जेवली, यावरून काय ते ओळखा.

मग तिने काय करावं? पक्षाच्या अध्यक्षांनी सांगितलं, गप्प बसा, लोक विसरतात. (हे अध्यक्ष म्हणजे सदैव घाम पुसणारे गृहस्थ. थंडीतही पुसतात.) ही गप्प बसणारी नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? तिने संसदेत उभं राहून आपल्याच मंत्र्यांना प्रश्न विचारला, की ही बोट कमी वापराची असं कोणी पाहून ठरवलं? मंत्र्यांनी सुटका करून घेण्यासाठी सांगितलं, अधिकारी पाठवतो. आणि खरोखरच पाठवला.

अधिकारी साहेब आले ते कडक इस्त्रीत, सरकारी गाडीतून. माणूस वाईट नव्हता, पण त्याने खाडी नकाशावर पाहिली होती आणि नकाशात भरती-ओहोटी नसते. (हे मी दरवर्षी नववीला सांगतो, तेही ऐकत नाहीत.) ठरलं असं, की साहेबांनी बोटीने पलीकडे जायचं आणि त्यांची गाडी त्याच वेळी पुलावरून तिथे न्यायची. "गाडी आपल्या आधी पोचून उभी असेल," साहेब धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. अध्यक्षांनी लगेच मान डोलावली. ही बोटीत चढून बसली. सकाळी केस विंचरताना मात्र मला म्हणाली होती, "आज कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार आहे. पुढच्या वेळी निवडून आले नाही तर तुमच्या शाळेत काही काम मिळेल का बघा." मी म्हटलं, मिळेल, पण मुलांना सभापती नसतो.

बोट भरून निघाली. सारंगाने नवी टोपी घातली होती आणि इंजिनाला तेल पाजलं होतं. ते जरा जास्तच पाजलं असावं, कारण ऐन मध्यावर इंजिनाने उचकी दिली, काळा धूर काढला आणि मान टाकली. बोट हळूहळू कलत गेली आणि चिखलाच्या उथळ पट्ट्यावर जाऊन बसली, ती भर दुपारी पाहुणा लोडाला टेकून बसावा तशी. ओहोटी चालू होती. भरतीचं पाणी येईपर्यंत हलायची सोय नव्हती. फोनला रेंज नाही. साहेब बटाट्याच्या पोत्यावर बसले. बोट चांगली आहे हे दाखवायला ज्यांना आणलं, त्यांनाच घेऊन ती रुतली! अध्यक्षांचा रुमाल पिळून काढण्यासारखा झाला होता.

आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की आपल्या खासदार आपल्यासमोर आहेत आणि पळून जायला त्यांना जागा नाही. दादा, सभेत लोक दोन शब्द बोलतात आणि निघतात. इथे कोण कुठे निघणार? एका आजोबांनी पेन्शनच्या कायद्याचं विचारलं, हिने आपण कुठल्या बाजूने मत दिलं आणि का, ते सांगितलं. आजोबांना ते पटलं नाही. वाद झाला. शेवटी आजोबाच दमले आणि त्यांनी हिला खिशातली गोळी चघळायला दिली. नर्सबाईंनी दवाखान्यातल्या रिकाम्या जागांचं विचारलं. हिने सांगितलं की दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलेलं नाही, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन बसणार आहे. एका बाईने गल्लीतल्या कुत्र्यांचं विचारलं. ते खातं संसदेकडे नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग संसदेकडे आहे तरी काय?" आणि अख्खी बोट हसली. आमची ही सगळ्यात मोठ्याने.

मग हार्डवेअरवाला उठला. हा हिच्याविरुद्ध निवडणुकीला उभा होता आणि पडला होता. पलीकडच्या गिऱ्हाइकाला पोचवायला त्याने कपाटाचा मोठा आरसा आणला होता, तो उभा धरून तो बोलत होता. त्यामुळे हिला उत्तर देताना समोर स्वतःच दिसत होती. तो म्हणाला, "बाकीचं राहू द्या ताई. ही बोट बंद करणाऱ्या कायद्याला तुम्ही मत दिलं की नाही, हो किंवा नाही सांगा."

बोटीवरच्या सगळ्या माना हिच्याकडे वळल्या. अध्यक्ष खुणेने 'नको, नको' म्हणत होते. हिने आरशात पाहून कपाळावरची बट मागे सारली.

"हो, दिलं," ती म्हणाली. "कायदा वाचला, मागचं परिशिष्ट वाचलं नाही. ते वाचणं माझं काम होतं. आता ते रद्द करून घेणं माझं काम आहे. नाही जमलं, तर पुढच्या वेळी मत मागायला तुमच्या दारात येणार नाही."

हार्डवेअरवाल्याने आरसा जरा खाली टेकवला. त्याने बहुधा भांडणाची तयारी केली होती, आणि समोरच्याने कबूल केल्यावर भांडणाचं करायचं काय हा त्याला प्रश्न पडला. इतक्यात खालून पाणी वाजलं. भरती आली होती. बोट डुलली, सुटली. इंजिन मेलेलंच होतं, पण सारंगाने जुनी वल्ही आणि लांब वासे काढले. हिने बाह्या सरसावल्या आणि एक वल्हं धरलं. हार्डवेअरवाल्याने आरसा साहेबांच्या हातात दिला (साहेबांनी तो निमूट धरला!) आणि हिच्या शेजारी येऊन म्हणाला, "मत पुढच्या वेळीही देणार नाही. पण त्या बाजूला सरका, तुम्ही उलटं मारताय." मग काय विचारता! नर्सबाई, आजोबा, अध्यक्षसुद्धा लागले. (माझी कंबर धरली ती याच वल्हवण्यात.) आजोबा 'हैशा' म्हणायचे, बोट पुढे जायची, आणि कुत्र्यांवाल्या बाईंनी तर असा सूर धरला की पलीकडच्या काठावर माणसं जमली. त्यांतल्याच कोणीतरी तो फोटो काढला.

पलीकडे पोचलो. साहेब आरसा घेऊन उतरले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गाडी नव्हती! लोकांनी साहेबांना एकटं सोडलं नाही, सगळे गाडीची वाट बघत थांबले. थर्मासमधला चहा निघाला, शाळेसाठी धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्या मुलांना उशिराचं सरकारी कारण मिळालं. बऱ्याच वेळाने धुळीत माखलेली गाडी आली. बोट रुतल्याचं ड्रायव्हरला वाटेत कळलं होतं. तो उतरला, साहेबांना पाहून चकित झाला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही कुठल्या पुलानं आलात?"

साहेब हसायला लागले, ते इतके हसले की आरसा हार्डवेअरवाल्याला परत घ्यावा लागला.

मागच्या आठवड्यात निकाल लागला. परिशिष्टातून आमची बोट वगळली. सारंग घरी आला आणि या वेळी दोन कप चहा प्यायला. ही संसदेत मंत्र्यांचे आभार मानायला उभी राहिली आणि 'यापुढे परिशिष्टाचं अक्षर वाचता येईल असं छापावं' अशी सूचनाही देऊन आली. सभागृहात सगळ्या बाजूंनी बाकं वाजली म्हणे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भावजी

ता. क. : एक बारीकसं राहिलं. बोट वाचली, पण साहेबांनी अहवालात इंजिनाबद्दल 'दुरुस्तीची व्यवस्था स्थानिक पातळीवर करावी' असा शेरा मारला आहे. धक्क्यावर लोकांनी विचारलं, कोण करणार? तेव्हा हिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की माझ्या दादाने आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली आहेत, तो येतोय. पेपरात फोटोच्या खाली तेही छापलं आहे, तुम्ही फक्त फोटो पाहिलात. सोमवारचं तिकीट सोबत जोडलं आहे. कमान उभारून तुमचं स्वागत करायचं घाटतंय, मी नको म्हणून सांगितलं आहे.

ता. क. २ (हे अक्षर माझं आहे, दादा) : पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. लिहिलंय ते खरं आहे. फक्त यांनी ते बोटीच्या तळाशी आडवं पडून, नाकाला लिंबू लावून, डोळे मिटून ऐकलं. कंबर वल्ह्याने नाही, बटाट्याच्या पोत्यावरून घसरल्याने धरली आहे. तुला न विचारता तुझं नाव सांगितलं, चुकलंच. पण तेवढ्या लोकांसमोर कोण करणार असं विचारल्यावर मला दुसरं कोणाचं नावच आठवलं नाही. हत्यारांची पेटी घेऊन ये. खोकल्याचं औषधही आण. आणि माझ्यावर रागावणार असशील तर इथे येऊन रागाव.