टँगो कुणाच्या दारात जाणार न्हाई

लिहून ठेवणार: पार्वतीबाई भ्रतार कालकथित भीमराज भालेराव, वय सत्तरीच्या आसपास, धंदा पूर्वी शेतमजुरी, हल्ली बसून खाणे, राहणार कमलनगर, जिल्हा बिदर. मला अक्षर येत नाही, बोलणं येतं. डोकं ठिकाणावर आहे. खात्री हवी तर सुनेला विचारावं, तिला त्याचाच त्रास आहे. दडपण कुणाचं नाही; दडपणारे माझ्याआधी गेले. मी सांगते आणि सिद्धप्पा अर्जनवीस लिहितात, ते असे:

एक. दोन खोल्यांचं घर आणि पुढचं अंगण मुलगा रामराव यास. त्यानं मला सांभाळलं हे खरं. रोज ऐकवलं हेही खरं.

दोन. थोरली जाऊ सुमनबाई हिला माझं जुनं लुगडं, तोंड झाकायला. यजमान मला धरून टँगोची पावलं बसवू लागले, तेव्हा "आमचा दीर म्हातारपणी बायकूसंगं कुस्ती खेळायलाय," असं हिनंच गावभर केलं.

तीन. नाचाची दोन इंग्रजी पुस्तकं. यजमान वाडी जंक्शनला साहेबांच्या क्लबात बेअरा होते. क्लब मोडला तेव्हा ती रद्दीत निघाली. रॅगटाइम नावाच्या बाजाच्या काळातला जुना टँगो त्यांत होता. पुढं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि यजमानांनी हलगी खाली ठेवली. ज्याच्या शेतात राबलो त्या मालकाच्या दारात, ओट्याखाली उभं राहून वाजवणं बंद. पण अंगातला ताल कुठं जातो? मग ती पुस्तकं उघडली.

एका पुस्तकात टाच आधी, दुसऱ्यात चवडा. त्या दोन साहेबांची आपसात बोलचाल नसावी. यजमान दोन्ही करून बघत. तुडवला जाई माझा पाय. फोटोतली माणसं उभी, म्हणून प्रत्येक फोटोपाशी थांबायचंच असा त्यांचा समज झाला. चार पावलं टाकायची, मग खांबासारखं उभं राहायचं. खुरपं, चूल, शेरडं सोडून मी जन्मात अशी उगी उभी राहिले नव्हते. गुलबर्ग्याच्या कॉलेजातले एक मास्तर बघायला आले आणि हसले. म्हणाले, "आजी, ते फोटोपुरते थांबले होते. नाचात थांबत नसतात." मी म्हटलं, "त्यांना इसाव्याला थांबायची गरज कामून पडंल? कामाला बेअरे होते की."

आता भांडणाचं. नातू श्रीमंत हुमनाबादच्या बँडात क्लॅरनेट वाजवतो. आजोबाचा टँगो त्यानं उचलला, बायको गीतालाही शिकवला. मालकाच्या नातवाच्या वरातीपुढं दोघं नाचणार, असं परस्पर कबूल करून आला. म्हणतो, "आज्जी, काळ बदललाय. आता पैसे देऊन बोलवायलेत."

"आधी भाकर देऊन बोलवायचे. हाक तीच हाय."

"मग आजोबाचा नाच कुणी बघूच नये व्हय?"

"बघू दे की. आपल्या अंगणाला भिंत न्हाई. मालकाला म्हणावं, इथं ये."

म्हणून लिहविते की, दोन्ही पुस्तकं श्रीमंतला नाहीत, गीताला. नाचायचं की नाही, कुठं नाचायचं, हे तिनं ठरवावं. यजमानांनी मला विचारलं नव्हतं, सरळ हात धरला. यानंही तेच केलं. घराण्यात एवढंच काय ते शिकवल्यावाचून आलं.

इथं सिद्धप्पांनी लेखणी थांबवली. "अक्का, गीताबाई वरातीला हो म्हणाली तर?"

"तर मी गप. श्रीमंत, विचार तिला. आत्ता, साक्षीदारांसमोर."

त्यानं मान खाली घालून विचारलं. गीता चुलीपुढून उठून दारात आली आणि म्हणाली, "अंगणात नाचीन. वरातीत न्हाई." हे साक्षीदारांनी ऐकलं, म्हणून इथं लिहिलं.

चार. मालकाला नकार श्रीमंतनं स्वतः जाऊन कळवावा. चिठ्ठी पाठवू नये. दारात उभ्यानं सांगू नये. ओट्यावर चढून, बसून सांगावं.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे. निशाणी डाव्या अंगठ्याची: पार्वतीबाई.

साक्षीदार: तात्याराव (सही), कल्लप्पा (सही)
लिहिणार: सिद्धप्पा, अर्जनवीस (सही)
मुक्काम कमलनगर, ४ मार्च १९७९