उसनं दिलेलं औषध

१२ डिसें.
नात परी दहा महिन्यांची. खोकला हटंना. घरात एक बाळ अन् डॉक्टर पाच. सौ. म्हणते दात येतायत. आष्टीहून आलेली अक्का म्हणते, "बिब्बा घाला." मी मोटारी दुरुस्त करणारा, बेअरिंग गेलेलं मला रस्त्यावरून ऐकू येतं, पण हिचं काय बिघडलं ते कळंना.

१३ डिसें.
खोकला बंद. सौ. गल्लीभर सांगून आली. पण श्वास भरभर. सूनबाई: "मामा, दूध पिता पिता सोडून देती, धापा टाकती." म्हटलं, कपडे काढा. अक्का: "उघडी नको, दृष्ट लागंल!" स्वेटरावर स्वेटर, कांदा सोलल्यागत सोलली. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडून राह्यला. तसेच रिक्षानं दवाखान्यात.

१४ डिसें.
न्यूमोनिया. नाकाला ऑक्सिजन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरी झाली म्हणून खोकला थांबला न्हाई. खोकायची ताकद न्हाई उरली, दमली होती पोरगी." अक्कानं वर त्यांनाच विचारलं, "मंग छातीला बिब्बा कामून न्हाई घालत?" कपाळ माझं!

१७ डिसें.
घरी आणली. डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली दिली. बरी दिसली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे, मधी सोडायचं न्हाई. घरी मी सगळ्यांकडून दोनदा वदवून घेतलं.

१९ डिसें.
सकाळी बाटली गायब. सौ. थंडपणे: "काल दुपारी शेजारच्या कुसुमला दिली. तिचं बी पोरगं खोकून राह्यलंय. आपली तर खेळायली."
"विरजण आहे का ते, वाटीभर द्यायला?"
"वरडू नका. माणुसकी म्हणून दिली."
म्हणजे काल रात्रीचं औषध पण चुकलं. कुसुमचं पोरगं अंगणात उड्या मारून राह्यलं, नुस्ती सर्दी त्याला. बाटली तळाला. कुसुम वर म्हणते, "काका, लई गुण आला!" पोराला उगाच औषध पाजलं त्याचं काय?
डॉक्टरीणबाईंना फोन केला. खूप बोलणी ऐकून घेतली. नवी बाटली आणून पाजली.

२० डिसें.
पहाटे परीला परत ताप. पीत न्हाई. दवाखान्यात. सिस्टरनं विचारलं, "औषध बराबर दिलं का?" सौ. माझ्याकडं पाहून राह्यली. रागानं भरून आल्तो, पण तिचं तोंड पाहून मीच सांगितलं, "आमच्याकडून चुकलं."
परीला आत नेलंय. आम्ही दोघं बाकावर. आतून रडणं ऐकू येतंय. सौ. म्हणते, "रडती म्हंजे ताकद आहे ना हो?"
कान देऊन ऐकतोय. आवाज कालच्यापेक्षा मोठा का बारीक, मोटारीचं ऐकणाऱ्या कानाला ते कळंना.