आतल्या खोलीतली दुसरी खुर्ची

मी, घड्याळजीची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, शिक्षण तिसरीपर्यंत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही. घालायला आलाच असता तर आल्या पावली परत गेला असता. यापूर्वी असा कागद केलेला नाही. शुद्धलेखन तपासू नये.

१. दोन खोल्यांचं हे घर आणि बँकेत जे काही उरलं असेल ते माझ्या एकुलत्या एका मुलाला. सुनेने पडदे खुशाल बदलावेत. तिला ते पहिल्या दिवसापासून आवडलेले नाहीत. मी शिवलेत म्हणून बिचारी गप्प बसते.

२. शिलाई मशीन नातीला. तिला अजून सुईत दोरा ओवता येत नाही, तरी तिलाच. शिकली तर ठीक, नाहीतर वर फुलदाणी ठेवेल. तेल मात्र महिन्याच्या महिन्याला घालावं.

३. माझी मोठी कात्री जाऊबाईंना. एकवीस वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेली, ती तिथेच आहे. आता रीतसर त्यांची झाली. निदान धार लावून घ्या.

४. ह्यांच्या एकशे बारा रेकॉर्डी, रेकॉर्ड प्लेयर आणि आतल्या खोलीतल्या दोन खुर्च्या मुलाला. हे कलम लांबणार आहे, त्या रेकॉर्डींसारखंच.

लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मोठ्या हौसेने एक रेकॉर्ड लावली. पाच मिनिटं झाली तरी गाणारा तोंड उघडेना. मी विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" म्हणाले, "सुरूच आहे." अख्खी बाजू एकच गाणं. मध्येच बासरी, मध्येच जिन्यावरून भांडी गडगडल्यासारखे ड्रम, मग सगळं शांत, आणि संपलं म्हणावं तर पुन्हा पहिल्यापासून. "ह्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात," हे म्हणाले. मी म्हटलं, "म्हणत असतील. माझ्या दोन कॉलरी शिवून झाल्या, ह्याचं अजून कशात काही नाही."

नियम असा, की बाजू लागली की संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. मुलाचे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून तो दुसऱ्या खुर्चीत. रविवारी सकाळी बापलेक आत, दार बंद, मी बाहेर मशीनवर. मला कोणी बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

मुलगा नऊ वर्षांचा असताना हे दोन दिवस परगावी गेले होते. मी प्लेयरची धूळ काढायला वरची थाळी उचलली आणि आतला रबरी पट्टा तुटला. नवा कुठे मिळतो कोणास ठाऊक. मी इलॅस्टिक कापलं, टोकं जोडून बारीक टीप मारली आणि बसवलं. थाळी फिरली. जरा सावकाश फिरत होती, पण ते मला काय कळणार? माझ्यासाठी ती गाणी आधीपासूनच संपत नव्हती. हे परत आले, ऐकलं, म्हणाले, "आज कान भरलेत वाटतं." कानात तेल घातलं. मग दोघांनाही तेच अंगवळणी पडलं.

आठ वर्षांनी मुलगा मित्राकडे तीच रेकॉर्ड ऐकून आला. ह्यांच्याच टेबलावरचं स्टॉपवॉच आणून त्याने आमची बाजू मोजली. कव्हरवर छापलंय त्याहून दीड मिनिट जास्त. दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाबा, गावाची घड्याळं लावून देता आणि मला घरात इतकी वर्षं मागे पडलेलं ऐकवता." गिऱ्हाइकं हसली. हे खाली मान घालून कुणाचं तरी घड्याळ पुसत राहिले.

त्यानंतर मुलगा त्या खोलीत गेला नाही. तीन मिनिटांची नाचाची गाणी ऐकू लागला, नोकरी लागल्यावर गझला, आता गाडीत नुसत्या बातम्या. आवड बदलते, तो काही गुन्हा नाही. पण बाप आपल्यावर रागावूनच गेला, हे त्याच्या मनात बारा वर्षं आहे.

"पट्टा मी बदलला," एवढंच बोलले असते तर मिटलं असतं. आधी भीती वाटली. मग भीतीहून वाईट झालं. मुलगा यायचा थांबला त्याच्या तिसऱ्या रविवारी ह्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "बसतेस का?" मुलाची खुर्ची मला मिळाली आणि मला ती सोडवेना. सव्वीस वर्षं बसले. सुरुवातीला हातात काजं-बटणं घेऊन, पुढे हात रिकामे ठेवून. बासरी यायच्या आधी मला कळायला लागलं, की आता येणार. इलॅस्टिक सैल पडलं की मी गुपचूप त्याच मापाचं नवं घालायची. एकदम नीट चाललं असतं तर ह्यांनी विचारलं असतं, कसं काय?

मुला, इथे नीट वाच. ते रागावले नव्हते. मला म्हणाले, "पोरगं बरोबर बोललं गं. घड्याळजीच्या कानाला कळायला हवं होतं." तुला परत बोलवायची त्यांना लाज वाटत होती. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं उघडली, पण हे एक यंत्र उघडून बघायचा धीर झाला नाही. लाज मला वाटायला हवी होती, ती त्यांनी वाहिली.

~~तरी मुलाने नवा, योग्य पट्टा बसवून घ्यावा आणि एक बाजू पूर्ण ऐकावी.~~ (खोडलं आहे ते मीच. बाजूला सही आहे.)

५. पुरवणी. समोरचा चावीवाला साक्षीला आला, त्याने कलम चार वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"आजी, हे मेल्यावर कशाला? आत्ताच सांगा की."

"तोंडाने जमलं असतं तर एवढी शाई घालवली असती का?"

"मग मुलाला कागदच द्या वाचायला. तोवर मी सही करत नाही."

अडकलेली कुलपं उघडणारा माणूस, माझ्यावरही किल्ली चालवली.

रविवारी मुलगा आला, कागद दिला. त्याने दोनदा वाचला. आत जाऊन थाळी उचलली, इलॅस्टिक बोटाने ताणून बघितलं. मला वाटलं, आता तोडतो. त्याने थाळी परत ठेवली आणि रेकॉर्ड लावली. मी मागोमाग येऊन माझ्या खुर्चीत बसले होते, ती त्याला द्यायला उठू लागले.

"बस गं," तो म्हणाला. "बाजू लागलीये."

आणि तो बापाच्या खुर्चीत बसला.

बाजू संपली. त्याने सुई वर उचलली. म्हणाला, "पोरगी हे फोनवर लावते, आई. बरोबर वेगाचं. मला ते मागे कुत्रं लागल्यासारखं वाटतं. बंद कर म्हणतो मी तिला. का म्हणतो, ते मलाही कळत नव्हतं."

तर पट्टा बदलू नये. इलॅस्टिक सैल पडलं तर मी आहे तोवर मला सांगावं.

वरचं सगळं मी लिहिलं, मोठ्याने वाचून बघितलं, खरं आहे म्हणून सही करते.

सही: (घड्याळजीची बायको)

साक्षीदार पहिला: समोरचा चावीवाला. दुसऱ्यांदा बोलावल्यावर सही केली.

साक्षीदार दुसरी: खालच्या मजल्यावरची नर्स. मी सही करताना हजर होती, मजकूर वाचू दिलेला नाही.

मुलाची सही चालत नाही, त्याला मिळतंय म्हणून. तो आत आहे, दुसरी बाजू लावतो आहे.

ठिकाण: राहतं घर, शिलाई मशीनचं टेबल
तारीख: दोन मार्च, रविवार, सकाळ