तिसरी पायरी

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

जिंकले मेले! आणि टाळ्या वाजवायला मी एकटी.

दुपारची मॅच. बेसमेंटमध्ये ह्यांच्या आरामखुर्चीत बसून बघितली. हे होते तोवर मी हा खेळ कधी धड बघितला नाही. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू हातात घेऊन पळायचं — कसला हो हा फुटबॉल, म्हणून ह्यांना चिडवायची. कारखान्यातल्या मित्रांनी ह्यांना बफेलो बिल्सचं वेड लावलं, ह्यांनी ओजसला लावलं, आणि मी वर स्वयंपाकघरात दोघांच्या आरोळ्या ऐकत भजी तळत बसले. आता हे नाहीत. ओजस कॅल्गरीला. मग मीच खाली येऊन बसते. आवाज तरी असतो घरात.

सांगलीच्या क्रिकेटची सगळी शिस्त ह्यांनी इथे आणली होती. मॅचच्या आधी सगळ्यांच्या हातावर दही-साखर. आपली टीम पुढे असली की जागचं हलायचं नाही, जोराची लागली तरी नाही! ओजस लहान असताना एकदा बेसमेंटच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसला होता आणि हरत आलेली मॅच फिरली. झालं! तेव्हापासून सोफा रिकामा आणि पोरगं पायरीवर. दाढी आली तरी तिथेच.

आज पायरीवर धुवायच्या कपड्यांची टोपली ठेवली होती. मॅच सुरू झाल्यावर उचलली. का उचलली कोण जाणे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

अक्षताने आज माझं बिल्सच्या चाहत्यांच्या फोरमवर खातं उघडून दिलं. ही खालच्या खोलीत राहणारी पोरगी. नागपूरची, इथल्या कॉलेजात शिकते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी खोलीचं टाकलं आणि तासाभरात हिचा फोन आला. चांगली आहे. फक्त एक खोड — दिवसातून दोनदा विचारते, “काकू, जेवल्या का तुम्ही? काय जेवल्या?” माझी सासूसुद्धा इतकी चौकशी करत नव्हती!

नाव काय ठेवू म्हणाली. म्हटलं, काहीही ठेव, म्हातारी आहे हे कळू देऊ नकोस. तिने ‘स्नो शोव्हल’ ठेवलं — बर्फ काढायचं फावडं!

रविवार, १७ नोव्हेंबर

ओजस सापडला.

फोरमवर प्रत्येक मॅचच्या आधी एक चर्चा सुरू होते — आज कुठे बसलाय? सगळे आपापली नशिबाची जागा लिहितात. कोण गॅरेजमध्ये, कोण उलट्या खुर्चीवर. माझी हसून हसून पुरेवाट झाली. मला वाटायचं हे वेड आमच्याच घरात आहे! त्यात एक ‘थर्ड स्टेअर’ नावाचा. त्याने लिहिलं होतं की बेसमेंटच्या जिन्यातल्या तिसऱ्या पायरीवर बसलोय, सोफ्यावर बसलो की आपण हरतो. आणि त्याच्या नावाखालचं घड्याळ आमच्यापेक्षा दोन तास मागे. कॅल्गरी!

जगाच्या पाठीवर दुसरं कोण असणार?

धीर करून विचारलं की चौथ्या वेळेला चेंडू लाथ मारून देऊन टाकायचं सोडून आपला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक स्वतःच का पळत सुटला. लगेच उत्तर आलं, एवढं मोठं! चार वेळा संधी, तेवढ्यात दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. बहुतेक टीम चौथ्यांदा भितात. पण कधीकधी स्वतःच धावावं लागतं, असं लिहिलं होतं. खाली — काहीही विचारा, मला आवडतं सांगायला.

सांगायला आवडतं म्हणे! घरी वायफायचा पासवर्ड विचारला तर “आई, जाऊ दे, तुला नाही कळणार.” आणि परक्या माणसाला एवढं समजावून! राग आला आणि रडूही आलं. मी आहे हे सांगितलं नाही. सांगितलं तर पळून जाईल.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज मॅच नाही, टीमला सुट्टी. दिवस जाता जात नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

बर्फाने आमचं हे कॅनडातलं लंडन पार गाडून टाकलं. सकाळी बूट घालून खाली उतरते तर ड्राइव्हवे साफ! अक्षता घामाघूम, नाक लाल. मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं गं हे? तर म्हणाली, “कोणी कशाला सांगायला पाहिजे काकू, मी करून राहिली ना.” मग नेहमीचं — जेवल्या का. आणि लगेच फोनवर टिकटिक करत खोलीत.

ह्या शोव्हलवरूनच तर ओजसचं नि माझं फाटलं. हे गेल्यावर तो म्हणाला, घर वीक आणि माझ्याजवळ कॅल्गरीला ये, कॉन्डो बघून ठेवलाय. ह्यांनी लावलेलं सफरचंदाचं झाड सोडून मी कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये काय करू? नाही म्हटलं. तो चिडला. “बर्फ काढताना पडलीस तर मला फोन करू नकोस.” मीही म्हटलं, नाही करणार! दोघंही एका वाणाचे. तो बोलायचा थांबला, मी फोन करायची थांबले. एक हिवाळा गेला, दुसरा आला. दिवाळीला पणतीचं चित्र येतं फोनवर, त्याला मी अंगठा पाठवते.

मला त्याचा आवाज ऐकायचाय. बाकी काही नको.

रविवार, ८ डिसेंबर

हरलो! दोन गुणांनी! थर्ड स्टेअर म्हणतो, माझीच चूक, मध्येच कुत्र्याला बाहेर नेलं.

कुत्रा पाळला? मला सांगितलंही नाही! मी खडसावून लिहिलं की मॅच चालू असताना जागा सोडायचीच कशाला, आणि बाहेर गेलास तर कानटोपी घातली होतीस का. बाकीचे हसले. एकाने लिहिलं, स्नो शोव्हल आमची कोच आहे. त्याने लिहिलं, घातली होती मॅम. मॅम! आई म्हणायला काय होतं रे तुला?

रविवार, १५ डिसेंबर

आज डेट्रॉइटशी होती. ह्या गावातून दोन्ही शहरं सारखीच लांब, अर्धे लोक इकडचे, अर्धे तिकडचे. समोरचे नंदूभावजी डेट्रॉइटचे. निळी जर्सी घालून आले, हरून गेले! चहा घेताना म्हणाले, “जनार्दन असता तर आज नाचला असता.” मग हळूच ओजसचं विचारलं. मी म्हटलं, छान आहे, आमचं बोलणं होतं दर रविवारी. ते बघतच राहिले. खोटं कुठे बोलले मी?

अक्षताने मात्र मान वर केली. नंतर विचारलं, “काकू, दादांशी कधी बोलल्या?” सांगून टाकलं तिला सगळं. फोरमचं, पायरीचं. पोरगी नखं खात बसली. मग म्हणाली, “काकू, एक फोनच करून टाका ना.” मी म्हटलं, त्याने बोलायला नको का आधी? थोरली मी आहे. अक्षता उठून गेली.

बुधवार, २५ डिसेंबर

ओजसचा मेसेज: मेरी ख्रिसमस आई. एक झाड. थर्ड स्टेअरला मी काल आठ ओळी लिहिल्या होत्या, त्याच्याही आठ आल्या.

रविवार, १२ जानेवारी २०२५

प्लेऑफ. आता हरलं की घरी.

मॅचच्या आधी मी त्याला लिहिलं की चमचाभर दह्यात साखर घाल आणि खाऊन बस. मुद्दामच. म्हटलं, आता तरी ओळखशील! त्याने केलंही. लिहिलं — योगर्ट खाल्लं, चांगलं लागलं, माझ्या मॉमला हे फार आवडलं असतं. ती पण मॅचच्या आधी मला काहीतरी भरवायची.

आवडलं असतं? भरवायची? अरे जिवंत आहे ना मी अजून! दही कोणाच्या हातचं खाल्लंस जन्मभर? घुश्शात टॅब आपटणार होते. मग वाटलं, नाटक करतोय. त्यालाही माझ्यासारखंच वाटत असेल, ओळख दिली तर हेही जायचं. नाहीतर दह्याचं विसरेल कसा?

मोठ्या फरकाने जिंकलो. विचारलं, जेवलास का. म्हणाला, उरलेला पिझ्झा. ताजं करून खा म्हटलं.

रविवार, १९ जानेवारी

बर्फात जिंकलो! समोरच्याच्या हातातून चेंडू निसटला आणि मी चक्क उडी मारली, गुडघ्याला विसरून. अक्षता धावत आली. आता एक मॅच आणि मग सुपर बोल, म्हणजे फायनल. ह्यांनी इतकी वर्षं वाट बघितली. त्याला लिहिलं की जिंकलो तर तुला काहीतरी सांगायचंय. त्यानेही लिहिलं, मलाही.

रविवार, २६ जानेवारी

हरलो. कॅन्सस सिटीकडून. तीन गुणांनी.

सगळा वेळ मी पायरीवर बसले होते. तिसरी. कंबर धरली. तिथून टीव्ही निम्मा दिसतो, मध्ये खांब येतो. पोरगं एवढी वर्षं निम्माच खेळ बघत होतं आणि कधी बोललं नाही.

सोमवार, २७ जानेवारी

तो ओजस नाही.

सकाळी त्याचा निरोप आला, फक्त मला. नाव गॅरी, वय त्रेसष्ट, कॅल्गरीच्याच प्रांतात लेथब्रिजला राहतो. आई ऑगस्टमध्ये गेली. दोघंच राहायचे. सोफ्यावर आई आणि तिचा कुत्रा, म्हणून हा पायरीवर. पुढे लिहिलंय — तिच्याशिवाय हा पहिला सीझन होता. मी बघणारच नव्हतो. तुम्ही दर वेळी विचारायचात, जेवलास का, टोपी घातलीस का. मला असं विचारणारं कोणी राहिलं नव्हतं. कोण आहात माहीत नाही, पण थँक यू.

वाचून आधी हसले. त्रेसष्ट! माझ्याहून तीनच वर्षांनी लहान, आणि मी त्याला कानटोपीवरून बोलले! मग जे रडू आलं ते आवरेना. कपड्यांच्या टोपलीत तोंड घालून रडले. एक पायरी, दोन तास मागचं घड्याळ, झालं — माझा मुलगा! ह्या देशात माझ्या पोराशिवाय जिन्यात कोणी बसतच नाही जणू.

सगळा सीझन मी दुसऱ्याच्या पोराला जेवलास का विचारलं. त्याची आई विचारू शकत नाही. माझ्या पोराची आई इथे धडधाकट बसलीय आणि विचारत नाहीये.

गॅरीला उत्तर लिहिलं. खरं नाव सांगितलं. पुढच्या सीझनला पायरी सोडू नको म्हटलं.

मग ओजसचा नंबर काढला. बोट नुसतं वर धरून बसले. त्याने उचललाच नाही तर? “बिझी आहे आई” म्हणाला तर? आत्तापर्यंत निदान तो माझ्याशी बोलतोय असं मानून तरी चालले होते. आता तेही नाही. ठेवून दिला फोन.

मंगळवार, २८ जानेवारी

केला. चौथ्यांदा कधीकधी स्वतःच धावावं लागतं.

पहिल्या रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “आई? जेवलीस का? काय जेवलीस?”

मी मागे वळून बघितलं. अक्षता दारात मान खाली घालून उभी होती. म्हणाली, “काकू, दादाच विचारायला लावायचे. रोज. ड्राइव्हवेचं पण त्यांनीच सांगितलं. ग्रुपवर बघून खोली पण त्यांनीच घ्यायला लावली.”

म्हटलं, जेवले रे. तू जेवलास?