कल्याणच्या वायरीखालचा बोगदा

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. बोलायचं कमी. ज्याचं तोंड बंद त्याचं घर शाबूत, हे मी सुनेला कायम सांगते. चौथीच शिकले, पण अक्षर माझं घरात समद्यात चांगलं. रामकिसनचं तर कोंबडीनं उकरल्यावानी.

रामकिसन म्हंजे माझा ल्योक. जालन्याला जीप चालवतो. त्याची पोरगी प्रीती साखरपुडा झाल्यावर राजानंद मास्तरला न्हाई म्हणली आन् दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेली. कुठं, ते फक्त मला ठाव हाय. बापानं दारात उभं राहून गल्लीला ऐकवलं, सापडली की केसाला धरून आणतो आन् त्याच मास्तरपुढं उभी करतो. आईला बी पत्ता दिला न्हाई पोरीनं. मला दिला. माणूस बघून दिला.

राजानंदचा भाऊ कल्याण. पिंपळगावात इंटरनेटची वायर त्याचीच. काल दात कोरत म्हणला, माझ्या वायरीतून कोण कुणाशी बोलतं ते मला बसल्या जागी दिसतं. माझ्याकडं बघून म्हणला.

५ मार्च
माझा फोन रामकिसन रोज तपासतो. म्हणून शेजारच्या उषाबाईच्या फोनवरून प्रीतीशी बोलले. म्हणली, आजी, आपल्या कम्प्युटरवर व्हीपीएन चालू कर. म्हंजे वायरीच्या आत बोगदा. एक तोंड आपल्या घरात, दुसरं तिच्या खोलीतल्या कम्प्युटरात. मधी काय चाललंय ते वायरवाल्याला दिसत न्हाई. जाताना फाईल करून ठेवलीय, नाव ‘आजी’.

प्रीतीच्या कॉलेजसाठी घेतलेल्या आपल्या कम्प्युटरवर लिनक्स हाय, त्याच्यावरच मशीन चालतं. फुकटचं हाय, पण काळ्या खिडकीत एकेक हुकूम लिहून द्यावा लागतो. हुकूम द्यायची मला सवय हाय. उद्या दुपारपर्यंत करून टाकते.

६ मार्च
झालं न्हाई. हुकूम लिहिला तर म्हणतं परमिशन डिनाईड. माझ्याच घरात मला परवानगी न्हाई. सून बेबीनंदा म्हणली, सासूबाई, आता कळलं का मला कसं वाटतं. तिला पाणी आणायला धाडलं.

९ मार्च
हुकुमाच्या आधी सुडो लिहायचं म्हणे. मंग ऐकतं. पण पासवर्ड मागतं, आन् टाइप केलं तर काहीच दिसत न्हाई. एक ठिपका न्हाई. दहादा टाकला. मशीन मेलं समजून थापड बी मारली. उषाबाईकडं जाऊन विचारलं तर प्रीती म्हणली, दिसत न्हाई पण उमटतं, बघणाऱ्याला कळू न्हाई म्हणून. मला हे आधीच ठाव व्हतं. खात्री केली फक्त.

१३ मार्च
बोगद्याच्या किल्ल्या दोन असतात. एक उघडी, ती कुणाला बी दिली तरी चालते. दुसरी गुपित, ती कुणालाच द्यायची न्हाई, सख्ख्या माणसाला बी न्हाई. प्रीतीनं हे दोनदा बजावलं. कुणाला बजावून राह्यली ही पोरगी?

१५ मार्च
झालं! बोगदा चालू. पडद्यावर प्रीतीचं तोंड. वाळलीय. म्हणलं, मेस बंद कर, स्वतः रांध. हसली. रामकिसन जीपवर असतो तेवढ्यात रोज बोलायचं ठरलं. दुसरा एक हुकूम दिला की दोन्ही मशिनींनी शेवटचा हात कधी मिळवला ते लिहून येतं. आत्ता एक मिनिटापूर्वीचा हाय.

पिंपळगावात असं कुणी केलं नसंल. सांगायचं मातर कुणाला न्हाई.

१८ मार्च
उषाबाईला सांगितलं. तिचाच फोन व्हता, तिला कळलंच असतं.

२१ मार्च
कल्याण आल्ता. इंटरनेटचा डबा बघायचाय म्हणला. मी पटकन कम्प्युटरवर टॉवेल टाकला. तो डब्याच्या लाईटकडं बघत उभा राह्यला. चप्पल बी काढली न्हाई. म्हणला, आजी, तुमच्याकडून लई डेटा जातो, नाशिककडं जातो, पण आत काय हाय ते कळंना.

कळंना म्हणला! मला राहवलं न्हाई. म्हणलं, बस स्टँडामागं निळ्या गेटाच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर सुखात हाय पोरगी, तुझ्या वायरीला दिसलं का? म्हणला, न्हाई आजी, हे न्हाई दिसलं. हात जोडून जयभीम घालून गेला.

हरला. नाशिक त्यानंच आधी काढलं, मी न्हाई.

२४ मार्च
प्रीतीसाठी वाळवण केलं. कुरडया, शेवया, बाटलीभर ठेचा. पिशवी शिवली. नवं कापड कशाला, तिच्या कॉलेजच्या ड्रेसचं पडलंच व्हतं. पत्ता मोठ्या अक्षरात मार्करनं लिहिला. पण नाव लिहिलं संध्या मॅडम. डोकं लागतं.

जालन्याला कुरियरमधी टाकायला रामकिसनलाच दिली. चोराच्याच हातात किल्ली दिली की चोर बिनफिकीर ऱ्हातो. उषाबाईच्या भाचीची हाय म्हणलं. त्यानं पिशवी उलटीपालटी करून लई वेळ बघितली. शिलाई बघत व्हता. शिलाई माझी चांगलीच हाय.

३० मार्च
प्रीती म्हणली, पिशवी आली न्हाई. कुरियरवाले आळशी.

रामकिसन जेवतो, हात धुतो, जीपमधी जाऊन बसतो. जीप चालू न करता. बेबीनंदा म्हणली, सासूबाई, जीपच्या शिटाखाली ठेच्याचा वास येतो. म्हणलं, बायका डबे घेऊन बसतात, वास येणारच. हिला समद्यात खोट दिसते.

५ एप्रिल
आता माझा फोन तपासत न्हाई तो. माझी हुशारी लागू पडली. इसरला पोरीला.

गिरणीत गेले तर बाया बोलता बोलता गप झाल्या. कल्याणची आई तिथंच व्हती. जाता जाता म्हणली, आमच्या इज्जतीचं काय ते जयंतीच्या आत होईल. म्हणलं, बाई, आधी तुझं पीठ सांडून राह्यलंय ते बघ.

चांगला टोमणा मारला. घरी आल्यावर मातर दाराला आतून कडी लावली. ऊन लई व्हतं.

९ एप्रिल
रामकिसननं कोयत्याला धार लावली. कशाला, विचारलं. म्हणला, लागतो. प्रीतीला सांगावं म्हणलं, मंग न्हाई सांगितलं. पोरगी उगंच भेते. बोगदा हाय ना. बोगद्यातून कोयता जात न्हाई.

१२ एप्रिल
पहाटे जीप गेली. उठले तर रामकिसन न्हाई, कोयता न्हाई. बेबीनंदाला सांगून गेला न्हाई.

प्रीती पडद्यावर आली न्हाई. हुकूम दिला. शेवटचा हात मिळवला: सहा तासापूर्वी. नेट स्लो असंल.

१३ एप्रिल
एक दिवस काही तास, असं लिहून येतंय. मशीन बंद करून चालू केलं. पासवर्ड टाकला. सुडो. तेच. उषाबाईच्या फोनवरून लावला तर प्रीतीचा फोन स्विच ऑफ. रामकिसनचा वाजतो, उचलत न्हाई.

उषाबाई म्हणली, मावशी, कल्याण बी काल दोन पोरं घेऊन गाडीनं गेलाय म्हणं. म्हणलं, लग्नाला गेला असंल. म्हणली, जयंती तोंडावर आली आन् लग्न कुणाचं? तिला म्हणलं, तू घरी जा.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक दारावरून गेली. रामकिसन न्हाई. पोरगं व्हता तवापासून एक जयंती चुकवली न्हाई त्यानं, तापात बी खांद्यावर निळा झेंडा घेऊन नाचला. समदे विचारतात कुठाय. म्हणलं, भाडं लागलंय लांबचं.

कल्याण बी न्हाई. बेबीनंदा पुजेला मेणबत्ती लावायला गेली आन् तिथंच बसली. तिला काय सांगू? काय सांगायचंय तरी. मी कुणाला कायबी सांगितलेलं न्हाई.

दोन दिवस. लिहून येतंय, दोन दिवस.

१६ एप्रिल
रामकिसन आला. अंगावर धूळ. कोयता पायरीवर ठेवला. बेबीनंदा कोयत्याकडंच बघत राह्यली. कोयत्याला उसाची चोयटी चिकटलेली.

पाणी पिऊन मंग बोलला. पिशवीवरचा पत्ता वाचून त्याला समदं पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. कापड बी वळखलं, फी भरायच्या दिवशी त्यानंच घेतलं व्हतं. जावं का न जावं करत पिशवी शिटाखाली घेऊन हिंडत व्हता. मंग जीपमधीच एका सवारीच्या तोंडून ऐकलं, कल्याण निळ्या गेटाला पोरं घेऊन जाणार हाय. तवा निघाला. वाटंत ऊस घेतला, पोरीला आवडतो म्हणून. खोलीत बसून तिला सोलून दिला. ठेचा खराब झाल्ता, टाकला. कुरडया निम्म्या मोडल्या व्हत्या. मंग तिचं समदं सामान जीपमधी टाकलं आन् दुसरीकडं नेऊन सोडलं. कल्याण पोचला तर निळ्या गेटाला भलं मोठं कुलूप.

मी म्हणलं, मला ठावच व्हतं तू असंच करशील. म्हणूनच पिशवी तुझ्याकडं दिली.

त्यानं माझ्याकडं लई वेळ बघितलं. पिशवीकडं बघितलं व्हतं तसं.

नवा पत्ता विचारला. म्हणला, खोली बरी हाय. खिडकीला जाळी न्हाई, ती पुढल्या खेपेला लावतो. म्हणलं, पत्ता? चप्पल घालत म्हणला, आई, ते न्हाई सांगायचं. प्रीतीनंच बजावलंय.

१७ एप्रिल
बराबर केलं पोरीनं. गुपित किल्ली कुणालाच द्यायची न्हाई, सख्ख्या माणसाला बी न्हाई. माझ्याचकडून शिकली.

तिच्या खोलीतलं मशीन आता काढून ठेवलंय म्हणे, गरज न्हाई. बापाशी साध्या फोनवर बोलते. तो जीपमधी बसून बोलतो, काच वर करून.

काळ्या खिडकीत हुकूम दिला. पाच दिवस. मशीन चालूच ठेवते. मला काय, लाईट बिल रामकिसन भरतो.

दुपारी ज्वारीच्या पापड्या घातल्या. नवी पिशवी शिवली. पत्त्याची जागा कोरी ठेवलीय. रामकिसन लिहील म्हणला, जीपमधी, स्टँडवर गेल्यावर.

अक्षर त्याचं लई वाईट हाय.