सात नंबरचे बूट आणि प्राचीन परंपरा

अप्पा,

तरी मी सांगत होतो, ती काठीच आहे! तुम्ही म्हणायचात, "राजदंड म्हण, राजदंड." पदवीदानाला शिपायाच्या हातात देतात तो कसला राजदंड? राजाने स्वतः धरला नसता का?

हा जुना वाद आज परत उकरतोय, कारण आपल्या सुमीने काल तुमच्या विद्यापीठाच्या इतिहासाच्या पुस्तकाचे फोटो पाठवले. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं. पदवीदानाच्या मिरवणुकीत एक पाऊल टाकून थांबायची जी चाल आहे ना, ती म्हणे प्राचीन गुरुकुलातून आली! इथे ओमानात, सलालाच्या बंदरात कंटेनर बांधता बांधता मी इतका हसलो, की सोबतचा मल्याळी घाबरला.

गुरुकुल! विद्यापीठ यायच्या आधी तिथे खाजण होतं, नुसता खारा चिखल. आणि चाल आली स्टोअरमधून. पहिल्या वर्षी स्टोअरवाल्याने तुमच्या नऊ नंबरच्या पायाला सात नंबरचे बूट दिले. "आज चालवून घ्या, उद्या बदलू." तुम्ही काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे. पाऊल टाकलं की कळ डोक्यात जायची, म्हणून थांबायचात. मागे कुलगुरू थांबले, त्यांच्या मागे झगेवाले सगळे थांबले. संध्याकाळी आई फोडांना हळद लावत होती आणि तुम्ही सांगत होतात, "साहेब म्हणाले, काय भारदस्त चाल! दरवर्षी अशीच ठेवा."

आणि तुम्ही ठेवलीत! पुढे मापाचे बूट मिळाले तरी सतरा वर्षं लंगडलात. का हो? एकदा तरी सांगायचं ना, साहेब, बूट चावत होते म्हणून!

पुस्तकात तुमचं नाव नाही. फोटोत काठी आहे, काठीवर दोन हात आहेत. कोपराला कापलंय. घड्याळाच्या पट्ट्यावर आईने घातलेले टाके दिसले, म्हणून ओळखलं. बरोबरच आहे. काठी मंचावर ठेवली की तुम्ही मागच्या दाराने बाहेर, पाहुण्यांचा चहा लावायला. चहावाल्याचं तोंड कोण छापतो?

नावडे गावातल्या आपल्या खोलीत काठीऐवजी छत्री धरून मला शिकवायचात. "एक पाऊल. थांब. आता दुसरं. झगा घालून माझ्या मागून यायचंय तुला." मी नववीत शाळा सोडली. तुम्ही रात्रशाळेचा फॉर्म आणलात, तर मी म्हणालो, "काठी धरायला कुठे डिग्री लागते?" तुम्ही छत्री कोपऱ्यात ठेवलीत. परत उचलली नाहीत.

तेवढं बोलायला नको होतं, अप्पा. तुमच्या मातीलाही पोचलो नाही, म्हणून सांगायचं राहिलं.

सुमी बी.कॉम. झाली. तुमच्याच विद्यापीठातून! आणि आता तिच्याकडेच मिरवणुकीत चालायचे पैसे मागतात. निर्लज्ज! ती म्हणते, "जाऊ दे दादा, डिग्री पोस्टाने पन येते." मी म्हटलं, "येडी आहेस का? पोस्टमन काय थांबत थांबत चालतो?"

शब्द देतो, ती चालणार. एक पाऊल. थांब. ही चाल कोणाची, ते त्या सगळ्या शहाण्यांत तिला एकटीला माहीत असेल. कोणी विचारलं, तर बुटाच्या नंबरासकट सांग म्हटलंय.

तुमचा,
विजू

ता. क. काळे बूट सक्तीचे आहेत म्हणे. तिला सांगितलंय, दुकानात घालून चार फेऱ्या मार, मगच घे. झग्याचे अठराशे आणि बुटांचे बाराशे, आज पाठवतोय तीन हजार.